हवाई दलप्रमुखाचं एक वाक्य

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी देशाच्या हवाई दलप्रमुखांना गालगुंड झाले.

निरोप घेऊन कांतिलालशेठ स्वतः आले. ते त्या वर्षी देशाचे अर्थमंत्री. एरवी बार्शीच्या बाजारात तूर आणि हरभरा. सायकल भिंतीला टेकवत म्हणाले, "तुळजापूरकर, खमितकर गेले."

"गेले?"

"कामातून. दोन्ही गाल असे झालेत. तोंड उघडत नाही. मी म्हटलं, एकच वाक्य आहे, रेटून न्या. तर त्यांच्या मिसेसनं मलाच रेटत बाहेर काढलं."

हे चौऱ्याऐंशी सालचं. आमच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनाला दर वर्षी अभिरूप मंत्रिमंडळाची बैठक व्हायची. म्हणजे गावातल्याच मंडळींनी मंत्री व्हायचं, स्टेजवर टेबल मांडायचं आणि देशापुढच्या एखाद्या प्रश्नावर तासाभरात निर्णय घ्यायचा. खऱ्या मंत्रिमंडळाला जे वर्षानुवर्षं जमत नाही ते आम्ही मध्यंतरसुद्धा न घेता उरकायचो. संवाद मी लिहायचो. जिल्ह्याच्या दैनिकात माझं विनोदी सदर होतं, त्यामुळे गंभीर राष्ट्रीय प्रश्न ओघानंच माझ्याकडे यायचे.

मात्र एक रीत होती. निर्णय मी लिहायचा नाही. तो पंतप्रधान झालेल्या माणसानं स्टेजवर, सगळ्यांचं ऐकून, स्वतःच्या अकलेनं द्यायचा. फारच अडचण झाली तर "निर्णय राखून ठेवतो" म्हणायची मुभा होती. पण एकदा दिला की दिला. नंतर "अहो, ते नाटक होतं" म्हणायचं नाही. गाव म्हणू द्यायचंच नाही. कांतिलालशेठ एका वर्षी पंतप्रधान होते आणि भाषणाच्या भरात त्यांनी तंबाखूबंदी जाहीर केली. तेव्हापासून बिचारे स्वतःच्याच गोदामात पोत्यांच्या मागं जाऊन तंबाखू मळायचे.

त्या वर्षीचा प्रश्न होता: शेजारी अणुबॉम्ब करतो आहे, आपण काय करायचं?

पंतप्रधान देगावकर सर. दुसरं कुणी शोभलंच नसतं. सर भूगोलाचे निवृत्त शिक्षक, अर्ध्या गावानं त्यांच्या छड्या खाल्लेल्या. इस्रायलनं इराकची अणुभट्टी विमानं पाठवून जमीनदोस्त केली, त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. ती बातमी वाचल्यापासून सरांना दुसरा विषय नव्हता. पोस्टात, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत, जिथं भेटतील तिथं एकच. "अहो, जाऊन आले. गेले, भट्टी उडवली, परत आले. आणि आपण? आपण निषेध नोंदवतो. त्याचा बॉम्ब तयार होईपर्यंत निषेधच नोंदवत बसणार. आपल्याला काय धाड भरली आहे जायला?" सरांच्या बोलण्यातली विमानं कुर्डुवाडीला जाऊन यावं तशी जाऊन येत.

आम्ही दोघं सरांकडे गेलो. ओसरीत त्यांचा मुलगा श्रीरंग स्टोव्हचे सुटे भाग वर्तमानपत्रावर मांडून बसला होता. श्रीरंग हवाई दलात वैमानिक. कुठं असतो ते कुणालाच माहीत नसायचं. पत्ता म्हणजे एक आकडा आणि पुढं एपीओ, लष्कराचं टपाल. दोन दिवसांपूर्वी न कळवता आला होता आणि आल्या आल्या म्हणाला होता की फार राहता येणार नाही.

"आल्यापासून घर दुरुस्त करतोय," इंदुवहिनी आतून पाणी आणत म्हणाल्या. "नळ झाला, झोपाळ्याच्या कड्या झाल्या, आता स्टोव्ह. मी म्हटलं, अरे, पुढच्या सुट्टीला काहीतरी मोडकं राहू दे."

"आत्ताच होऊन जाऊ दे, आई," श्रीरंग म्हणाला.

"आणि दोन दिवसांत सगळे नातेवाईक पालथे घातले. सोलापूरच्या आत्याकडेसुद्धा जाऊन आला. लहानपणी तिच्या घराच्या नावानं रडायचा."

आम्ही खमितकरांच्या गालांची बातमी सांगितली. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मुलाकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर परीक्षकाला शोभणारी खुशी पसरली.

"घरात खरा असताना खोट्याची काय गरज?"

"बाबा, मला नाही जमणार."

"का?"

"नोकरीत असताना मंत्रिमंडळात जाता येत नाही."

कांतिलालशेठ हसले. सर हसले नाहीत. "वाचनालयाचं मंत्रिमंडळ आहे, रंगा. सत्तर खुर्च्या, त्यातल्या वीस मोडक्या. गणवेश घालू नको. नावही सांगणार नाही कुणी. एक वाक्य म्हणायचं आणि खाली बसायचं."

"दुसरं कुणी नाही का?"

"आहे की," मी म्हणालो. "मी आहे. पण मला बघून देशाला भरवसा वाटणार नाही."

"जा रे," इंदुवहिनी म्हणाल्या. "त्यांना तेवढंच बरं वाटेल. महिनाभर सगळ्यांचे संवाद एकटे पाठ करताहेत. काल झोपेत परराष्ट्रमंत्र्यांचे म्हणत होते."

श्रीरंग थोडा वेळ स्टोव्हच्या पिनेशी खेळत राहिला. मग म्हणाला, "ठीक आहे. एकच वाक्य ना?"

संध्याकाळी वाचनालयाच्या वृत्तपत्र विभागात मंत्री तयार होत होते. मी श्रीरंगच्या हातात त्याचं वाक्य दिलं. मी लिहिलं होतं: "विमानं तयार आहेत, साहेब. आमचे वैमानिक पहाटे निघतील आणि उजाडायच्या आत परत येतील."

त्यानं ते वाचलं. पुन्हा वाचलं.

"काका, हे शेवटचं नको."

"कुठलं?"

"परत येतील, ते."

"का? लांब होतंय?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. "हो. लांब आहे."

"अरे, पण तिथं टाळ्या आहेत."

"टाळ्या तशाही पडतील, काका."

मी ओळ खोडली. लेखकाचं वाक्य कुणी कापलं की त्याला दुसरं काही ऐकू येत नाही. मी मनातल्या मनात म्हणत होतो, वाक्याचा तोल गेला. आता ते लंगडं वाटेल. सरांना सांगायचं राहून गेलं. ते तेव्हा पंतप्रधानांचा कोट शोधत होते.

बैठक सुरू झाली. मी पडद्याआड, हातात संवादांचे कागद. पहिल्या रांगेत इंदुवहिनी. मोडक्या खुर्च्यांवरसुद्धा माणसं बसली होती.

सुरुवात झकास झाली. अर्थमंत्र्यांनी विचारलं, "पंतप्रधानसाहेब, अणुबॉम्बवर विक्रीकर लागतो का?" लोक हसले. परराष्ट्रमंत्री म्हणून कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका वत्सलाबाई होत्या. त्या मी लिहिलेलं बाजूला ठेवून स्वतःचंच बोलल्या, आणि माझ्यापेक्षा चांगलं बोलल्या.

"तुम्ही भट्टी उडवाल. त्यांचा हट्ट उडवाल का? ते दुसरी बांधतील, जास्त खोल. आणि आपली भट्टी कुठं आहे, पंतप्रधान? ट्रॉम्बेला. मुंबईच्या कुशीत. तुमची विमानं तिकडे गेली की त्यांची इकडे येणार. तुम्ही फक्त जाण्याचा नकाशा काढलाय."

सरांनी टेबलावर हात ठेवला. "बाई, आणि त्यांचा बॉम्ब तयार झाल्यावर? मग काय करायचं? रोज सकाळी उठून, आज पडला नाही, म्हणून देवाला हात जोडायचे? माझ्या नातवंडांनी तसं जगायचं? आज थोडी माणसं जातील. उद्या शहरं जातील. हा भूगोल आहे, बाई, दया नाही."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या; हातातले कागद सावरून वाजवल्या. सर मनापासून बोलत होते आणि त्या बोलण्यात चूक काढायला जागा सोपी नव्हती, वत्सलाबाईंच्या बोलण्यातही नव्हती. माझ्यासारख्या विनोदी लेखकाची अशा वेळी फार पंचाईत होते.

मग सर म्हणाले, "हवाई दलप्रमुख, आपली तयारी?"

श्रीरंग उभा राहिला. साधा शर्ट, घरचीच पॅंट. सभेतल्या बऱ्याच जणांनी त्याला ओळखलं आणि कुजबुज झाली.

"विमानं तयार आहेत, साहेब," तो म्हणाला. "आमचे वैमानिक पहाटे निघतील."

आणि थांबला.

सर पुढच्या शब्दांची वाट बघत होते. "परत येतील" झालं की त्यांनी म्हणायचं होतं, "शाब्बास, देशाची हीच अपेक्षा होती." ते शब्द येईनात. सरांच्या चेहऱ्यावर वर्गातलं जुनं हसू आलं, उत्तर येत असूनही विसरणाऱ्या मुलाकडे बघून यायचं ते.

"आणि?" सर म्हणाले.

श्रीरंग समोर बघत तसाच उभा.

लोक हसू लागले. विमान उडवणारा माणूस एक वाक्य विसरतो याची गंमत कुणाला वाटणार नाही? मागून कुणी तरी म्हणालं, "सर, अंगठे धरायला लावा."

सरांनी बोटानं हवेत गोल काढला, गेलेलं विमान वळवून आणावं तसा. "पहाटे निघतील, आणि..."

"एवढंच आहे, सर," श्रीरंग म्हणाला.

तो "सर" म्हणाला, हे मला ऐकू आलं. "साहेब" लिहिलं होतं. "बाबा" तर तो स्टेजवर म्हणाला नसताच. पण त्या शब्दाहूनही त्याचा आवाज जास्त वेगळा होता. अगदी सपाट. रोज कुणाला तरी याच आवाजात उत्तर देत असावा तसा.

मला तेव्हा कळलं. नळ, झोपाळ्याच्या कड्या, स्टोव्ह, सोलापूरची आत्या. हातातल्या कागदावर मीच खोडलेली ओळ होती आणि ती का खोडली हे मला माझ्याच अक्षरात दिसत होतं.

सरांचं बोट हवेतच राहिलं होतं. ते त्यांनी हळूच खाली घेतलं आणि टेबलावर ठेवलं.

सभेतलं हसणं आपोआप थांबलं. कांतिलालशेठना काही कळलं नव्हतं, पण बाजारातल्या माणसाला शांतता सहन होत नाही. ते म्हणाले, "पंतप्रधानसाहेब, आधी चहा घेऊ या का?" कुणी हसलं नाही.

मी पडद्याआडून म्हणालो, "राखून ठेवा." सरांनी माझ्याकडे मान वळवली. मी पुन्हा म्हणालो, जरा मोठ्यानं, "सर, निर्णय राखून ठेवा." वत्सलाबाईंनी ऐकलं. त्यांनी लगेच समोरचे कागद आवरायला घेतले, म्हणजे बैठक उठते आहे असं वाटावं.

सरांनी ऐकलं. मला खात्री आहे. माझ्याकडे बघत ते क्षणभर थांबले आणि मग त्यांनी मुलाकडे बघितलं.

"तुमचं मत काय?"

"आमचं मत नसतं, सर. तुमचा आदेश असतो."

सरांनी कोटाचं वरचं बटण लावलं. त्यांचा घसा साफ होता, आवाज सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा होता. चाळीस वर्षं शिकवलेल्या माणसाचा आवाज.

"आदेश आहे," ते म्हणाले. "पहाटे निघा."

डोक्यावर टोपी नसेल तर ते लोक सलाम करत नाहीत. श्रीरंग नुसता ताठ उभा राहिला, टाचा जुळवून. टाळ्या पडल्या. इतक्या टाळ्या त्या खोलीत ना आधी पडल्या होत्या ना नंतर. पहिल्या रांगेत इंदुवहिनी उठल्या आणि मधल्या वाटेनं, कुणाच्या पायावर पाय न देता, घरी गेल्या.

जेवायला मी त्यांच्याकडेच होतो. दर वर्षी लेखकाचं जेवण पंतप्रधानांकडे असायचं. वहिनींनी वाढलं. मग सर ताटाकडे बघत म्हणाले, "वाक्य विसरलास."

"हो, विसरलो."

"पाठ करायला वेळ मिळाला नाही."

"नाही मिळाला."

"आमटी घे," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तो गेला. आमच्याकडे तेव्हा नॅरोगेजची छोटी गाडी होती. वाऱ्याच्या पुढं पळणाऱ्या विमानात बसणाऱ्या माणसाला कुर्डुवाडीपर्यंत त्या गाडीतून जायचं होतं. गाडी सुटली तेव्हा सर खिडकीबरोबर चालू लागले. ती इतकी सावकाश निघायची की म्हाताऱ्या माणसालाही बरोबरीनं चालता यायचं. प्लॅटफॉर्म संपला. सर खडीत उतरले आणि चालत राहिले. सिग्नलच्या पुढं जाईपर्यंत मला ते दिसत होते. तो खिडकीत, हे खाली. कुणाचेही ओठ हलत नव्हते. परत आले तेव्हा त्यांचा एक बूट फाटला होता.

त्यानंतर काय झालं, तर काहीच झालं नाही. तसा काही बेत खरोखर होता का, मला माहीत नाही. श्रीरंगनं कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. विमानं गेली नाहीत, एवढं सगळ्या जगाला माहीत आहे. शेजाऱ्यानं आपलं काम शांतपणे चालू ठेवलं, आपण निषेध नोंदवत राहिलो. श्रीरंग नोकरीत वर चढत गेला, त्याला दोन मुलं झाली. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर, विनोद फुकट गेला.

पण सरांनी तो विषय सोडला. एका रात्रीत सोडला. पोस्टात कुणी विचारलं, "सर, काय म्हणतो शेजारी?" तर म्हणायचे, "मला भूगोल विचारा." पुढच्या वर्षी मंत्रिमंडळाला आले नाहीत. आणि श्रीरंग सुट्टीवर आला की एक गोष्ट व्हायची, ती मी इतरांना कधी सांगितली नाही. मुलगा खोलीत आला की सर उठून उभे राहायचे. काहीतरी घ्यायला उठल्यासारखं करायचे, चष्मा, पंचा, काहीही. पण उठायचे. तो बसेपर्यंत बसायचे नाहीत. श्रीरंग दिवसातून कितीतरी वेळा त्या खोलीत यायचा.

अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात आपण बॉम्बची चाचणी केली आणि लगेच शेजाऱ्यानंही केली. आपल्या चाचणीचे पेढे वाटणारे कांतिलालशेठ त्यांच्या चाचणीनंतरही पेढे घेऊनच बसले होते. उरले होते म्हणाले. मी सरांकडे गेलो. इंदुवहिनींना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. सर ओसरीत झोपाळ्यावर होते, पाय जमिनीला टेकवून.

"वत्सलाबाई म्हणाल्या तसंच झालं," ते म्हणाले. "आणि मी म्हणालो तसंही झालं. आता रोज सकाळी हात जोडायचे."

मी पेढा पुढं केला. त्यांनी तो हातात धरून ठेवला.

"तुळजापूरकर, तुम्ही त्या दिवशी राखून ठेवा म्हणालात."

"हो."

"मला ऐकू आलं होतं."

"माहीत आहे, सर."

"आणि कळलंही होतं. तो एवढंच आहे म्हणाला तेव्हाच. बाप आहे मी. मठ्ठ नाही."

चौदा वर्षं मी स्वतःला सांगत आलो होतो की ऐकू आलं असेल, पण कळलं नसेल.

"मग मी विचार केला, मी आत्ता नाही म्हटलं तर ते का म्हणतोय? माझा आहे म्हणून. तीन वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना पाठवतोय, आणि माझा निघाला की निर्णय राखून ठेवतोय. हा कुठला न्याय? जीभ उचलेना. पण आदेश द्यायला तर हवा होता. म्हणून मी काय केलं सांगू?"

"काय केलंत?"

"त्याच्याकडे बघून मनाशी म्हटलं, हा खमितकर आहे. दुसऱ्या कुणाचा तरी आहे."

झोपाळ्याची कडी कुरकुरली नाही. चांगली दुरुस्त झालेली होती.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग सोपं गेलं," सर म्हणाले. "फार सोपं गेलं, तुळजापूरकर. तेच अजून गळ्याखाली उतरत नाही." जरा वेळानं म्हणाले, "त्याला वाटतं, मला कळलं नव्हतं. तसंच राहू द्या."

मी राहू दिलं. सर आणखी चार वर्षं जगले. तेराव्याला छड्या खाल्लेली अर्धी बार्शी आली होती. श्रीरंग तोवर निवृत्त झाला होता, केस पिकले होते. पंगत चालू असताना तो मला मागच्या अंगणात घेऊन गेला. हौदापाशी उभा राहून हात धूत होता. धुऊन झाले तरी धूत होता.

"काका, एक विचारू? त्या वाचनालयातल्या दिवशी बाबांना कळलं नव्हतं ना?"

आयुष्यभर मी लोकांची टोपी उडवून पोट भरलं. सरळ चेहऱ्यानं खोटं सांगणं हाच माझा धंदा. मी सरळ चेहऱ्यानं म्हणालो, "छे रे. त्यांना वाटलं तू वाक्य विसरलास. रात्री जेवताना म्हणाले नव्हते का?"

"म्हणाले होते."

"मग."

त्यानं नळ बंद केला. "आई जाण्याआधी म्हणाली होती, त्यांना कळलं होतं. मी गेल्यावर कित्येक पहाटे ते उठून ओसरीत उभे राहायचे म्हणाली."

एवढ्या वर्षांच्या सवयीचं खोटं तिथंच संपलं.

"माहीत होतं तर मला कशाला विचारलंस?"

श्रीरंगनं खिशातून रुमाल काढून एकेक बोट पुसलं.

"बाबांचा निर्णय बरोबर होता. त्यांच्या जागी मीही तोच दिला असता," तो म्हणाला. "पण कुणीतरी एकदा 'नाही, त्यांना कळलं नव्हतं' म्हणालेलं ऐकायचं होतं, काका."

मग आतून कुणीतरी भात मागितला आणि तो वाढायला गेला.